शेजाऱ्याच्या मापानें

जिलबीवर चहा घेतला तर तो अगोड लागतो. म्हणून चहा करणाऱ्या माउलीनें साखरेस हात आखडला, असा बोल तिला कोणी लावीत नाहीं. परंतु कलाकृतींच्या पंक्तींत हा अन्याय नित्य घडतो, आणि तो करणारे लोक स्वतःस रसिक म्हणवितात. एकाच विषयावरचे दोन चित्रपट एकाच हंगामांत प्रदर्शित झाले, कीं दुसऱ्याची परीक्षा त्याच्या गुणदोषांवरून न होतां पहिल्याच्या मापानें होऊं लागते. रक्तपिपासु पिशाचांच्या चित्रपटांच्या बाबतींत तर हें इतक्या वेळां घडलें आहे कीं, त्याविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. विषयच क्षुद्र, असें कांहीं वाचक म्हणतील. आमचें उत्तर असें कीं, न्यायबुद्धीची कसोटी थोर विषयांत लागत नाहीं. तेथें सारेच सावध असतात.

१९७९ सालचें उदाहरण घ्या. त्या वर्षीं एप्रिल ते ऑक्टोबर या अवधींत अमेरिकेच्या पडद्यावर तीन ड्रॅक्युला अवतरले. एप्रिलमध्यें ‘लव्ह ॲट फर्स्ट बाइट’ हें प्रहसन आलें. त्यांत जॉर्ज हॅमिल्टन यांचा काउंट आपला वाडा सोडून न्यूयॉर्कास येतो आणि त्या शहराच्या गोंधळांत हास्यास्पद होतो. जुलैमध्यें जॉन बॅडम यांचा ‘ड्रॅक्युला’ आला. त्याचे नायक फ्रँक लँजेला यांनीं १९७७ सालीं ब्रॉडवेच्या रंगभूमीवर हीच भूमिका गाजविली होती. ऑक्टोबरांत जर्मन दिग्दर्शक व्हेर्नर हेर्झोग यांचा ‘नोस्फेराटू’ तेथें पोंचला.

प्रहसनानें अमेरिकेंत ४ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न काढलें. बॅडम यांचा चित्रपट तेथें २ कोटींच्या आसपास थांबला. लोक आधींच हसून बसले होते, त्यांस पुन्हां भिवविणें कठीण गेलें, असें या चित्रपटाविषयीं सांगण्यांत येतें. मनाचा हा धर्म आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो मनाच्या या थकव्यास अभिप्रायाची प्रतिष्ठा देण्यास. प्रहसनानें थट्टा केली ती मुख्यतः १९३१ सालच्या बेला लुगोसी यांच्या काळ्या झग्याची आणि परक्या उच्चारांची. लँजेला यांनीं तर सुळे लावण्यासच नकार दिला. त्यांचा काउंट भिवविण्यापेक्षां मोहवितो अधिक. हेर्झोग यांनीं मुर्नौ यांच्या १९२२ सालच्या मूकपटास वंदन करून क्लाउस किन्स्की यांच्या रूपानें केशहीन, उंदरासारख्या दातांचें, अमरत्वाला विटलेलें पिशाच उभें केलें. गोत्र एक, हेतु तीन! एका भावाची नक्कल पाहून आल्यावर दुसरा भाऊ आपलें दुःख सांगूं लागला असतां हसत बसावें, त्यांतला हा प्रकार आहे.

१९८७ सालचें उदाहरण याहून क्लेशदायक आहे. जुलैअखेर ‘द लॉस्ट बॉइज’ आला आणि ऑक्टोबरांत कॅथरिन बिगेलो यांचा ‘निअर डार्क’. पहिल्यांत समुद्रकांठचें शहर, मोटारसायकली, तरुणांची थट्टामस्करी. दुसऱ्यांत धुळकट, सपाट मुलखांतून खिडक्या झांकलेल्या गाडींत भटकणारें एक खुनी कुटुंब आणि त्यांत ओढला गेलेला एक शेतकऱ्याचा मुलगा; ‘व्हँपायर’ हा शब्द एकदांहि उच्चारलेला नाहीं. पहिल्यानें ३ कोटी डॉलरांवर मजल मारली. दुसऱ्याचा ५० लाखांचा खर्चहि निघाला नाहीं. येथें सारें खापर शेजाऱ्यावर फोडणें मात्र न्याय्य नव्हे. वितरक मंडळी त्या वेळीं स्वतःच आर्थिक संकटांत सांपडली होती. अपयशाचा हिशेब शेजाऱ्याच्या नांवावर मांडणें हेंहि शेवटीं शेजाऱ्याचेंच माप!

परंतु पुढची गोष्ट ऐकावी. २००९ सालीं हा चित्रपट घरीं पाहण्याच्या तबकडीवर पुन्हां निघाला, तेव्हां विक्रेत्यांनीं वेष्टनावरील नायक-नायिकेस त्या वेळीं लोकप्रिय असलेल्या ‘ट्वायलाइट’च्या थाटांत नटविलें. बावीस वर्षांपूर्वीं एका शेजाऱ्याच्या सावलींत गेलेल्या कृतीस आतां दुसऱ्याचे उसने कपडे! पुढच्याच वर्षीं, २०१० सालीं, याच बिगेलोबाई दिग्दर्शनाचें ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण तो मान निराळ्या चित्रपटासाठीं होता.

तुलना हा टीकेचा प्राण आहे, असें प्रतिपक्ष म्हणेल. तुलनेस आमचा विरोध नाहीं. हेर्झोग यांचें चित्र मुर्नौ यांच्या चित्राशेजारीं अवश्य ठेवावें, कारण तो संबंध कृतीनें स्वतः मागितला आहे. कृतीनें मागितलेला संबंध तपासणें ही टीका होय. वितरकाच्या तारखांनीं लादलेल्या संबंधावरून निकाल देणें हा निव्वळ आळस होय. अशा निकालांत सुक्याबरोबर ओलेंहि जळतें, आणि जळल्यावर तें ओलें होतें हें कळून उपयोग काय?

आमच्या वाचकांच्या घरीं आज यांतील बहुतेक चित्रपट एका संध्याकाळीं एकामागून एक लावतां येतील. हंगाम सरले, तारखा पुसल्या; जुनें माप मात्र हातांतून सुटत नाहीं. म्हणून आमची एक विनंती आहे. चित्रपट पाहून उठलेल्या मुलामुलींस ‘त्याच्यापेक्षां हा बरा कीं वाईट?’ असा पहिला प्रश्न विचारूं नये. ‘यास काय करावयाचें होतें, आणि तें यानें केलें काय?’ असें विचारावें. मग हवें तर शेजाऱ्याचें नांव काढावें.