शंभर दाणे आणि "सोमवारपासून बंद"



या शनिवारी गावी आहे. चिखलीहून लिहितोय. लाइट दोनदा जाऊन आली, म्हणून पोस्ट उशिरा. आणि आधीच सांगून ठेवतो, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे.

झालं असं, की माझी मावसबहीण पुण्यात एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. (संस्थेचं नाव सांगणार नाही, कृपया विचारू नका.) विषय विदर्भातला पाऊस. तिचं मॉडेल फोरट्रानमध्ये, मूळ कोड तिच्या गाइडच्या तरुणपणातला. तीन वर्षं ते संस्थेच्या क्लस्टरवर बिनतक्रार चाललं. पेपर पाठवला. परीक्षकाने दोन आकृत्या थोड्या वेगळ्या इनपुटवर पुन्हा काढून मागितल्या. मागणी रास्त, मुदत सहा आठवडे. बाईंनी लॉगिन केलं, जॉब टाकला, आणि अर्ध्या सेकंदात उत्तर आलं: लिबजीफोरट्रान डॉट एसओ डॉट ३ सापडत नाही.

मधल्या काळात क्लस्टर अपग्रेड झाला होता. सूचना आली नव्हती असं नाही. शुक्रवारी संध्याकाळी एका ओळीची मेल आली होती, "जुनी मॉड्यूल्स सोमवारपासून बंद". संपलं!

रात्री साडेअकराला तिचा फोन. "दादा, नव्या कंपायलरने बांधलं तर चालतंय रे. पण आकडे वेगळे येतात. आता यातले खरे कुठले म्हणू?"

माझा आजचा सगळा राग या एका प्रश्नावर आहे.

ज्यांचा क्लस्टरशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संशोधन संस्थेतलं मोठं मशीन शेकडो लोक वाटून वापरतात. एकाला २०१३ चा कंपायलर हवा, दुसऱ्याला कालचा पायथन. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवतात आणि "मॉड्यूल लोड" म्हटलं की हवी ती समोर येते. १९९१ पासूनची ही युक्ती आहे आणि अजून सुरेख चालते. पण खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की वरची जुनी चळत कोसळते. जीसीसी ६ पर्यंतच्या फोरट्रान लायब्ररीचा क्रमांक ३, जीसीसी ८ पासून ५. जुन्या कंपायलरने बांधलेला प्रोग्रॅम ३ च मागणार, त्याला ५ देऊन भागत नाही.

बरं, पुन्हा बांधला तर आकडे का बदलावेत? कारण कॉम्प्युटरवर अपूर्णांकांची बेरीज क्रम बदलला की शेवटच्या घरात थोडी बदलते, आणि नवा कंपायलर वेगासाठी क्रम बदलतो. बाकी ठिकाणी हे खपून जातं. हवामानात नाही. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झने ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाकलं आणि त्याचं सगळं भाकीतच वेगळ्या वाटेने गेलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे फरक कंपायलरचा, कोडमधल्या चुकीचा की पावसाचा, हे ठरवायला जुनं आणि नवं दोन्ही हाताशी लागतं. एक फेकून दिलं की तुलनाच संपली.

आता क्लस्टर सांभाळणाऱ्यांची बाजू. ती खोटी नाही, मी स्वतः सर्व्हर सांभाळतो. सेंटओएस ७ चे सुरक्षा पॅच ३० जून २०२४ ला थांबले. त्यानंतर ते तसंच शेकडो लोकांसाठी उघडं ठेवणं म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा सताड ठेवून झोपणं. मे २०२० मध्ये युरोपातल्या कितीतरी सुपरकॉम्प्युटरांत घुसखोरी झाली, एडिंबराचा आर्चर तर बंद ठेवावा लागला. शिवाय नव्या जीपीयूचे ड्रायव्हर जुन्या कर्नलवर बसत नाहीत. तेव्हा "जुनं कायम चालू ठेवा" हे माझं म्हणणं नाहीच. माझं भांडण तारखेशी नाही, "शुक्रवारी सांगितलं, सोमवारी बंद" या पद्धतीशी आहे.

सकाळी हे सगळं मामांना सांगत बसलो होतो. मामा शेतकरी, लिनक्सशी संबंध शून्य. ऐकून म्हणाले, "अरे बाप्पा, घरचं सोयाबीन पेराच्या आंदी शंभर दाने ओल्या गोनपाटात ठेवतो ना आपन? सत्तर उगवले तं पेरतो. अन नवी जात आनली तं पह्यल्याच वर्षी सारं वावर तिच्यातच पेरते काय कोनी? तुमच्या तिथं शंभर दाने टाकून पाह्यलेच नाई का कोनी?"

नाही ना मामा. तेच तर.

उगवणशक्ती तपासायला आमच्याकडे अडाणी शेतकरीसुद्धा आठवडाभर थांबतो. आणि कोट्यवधींचं मशीन चालवणारे, प्रत्येक गटाचा एक छोटा जॉब जुन्यावर आणि नव्यावर चालवून आकडे ताडून पाहत नाहीत?

आता जरा बहिणीलाही झापतो, कारण संशोधक मंडळी धुतल्या तांदळाची नाहीत. मी विचारलं, कुठलं मॉड्यूल लोड करायचीस? कंपायलरला फ्लॅग काय द्यायचीस? उत्तर: "सीनियरने दिलेली फाइल आहे दादा, मी फक्त चालवते." त्या फाइलमध्ये चौदा ओळी, त्यातल्या सहा अशा फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या, जो संस्था सोडून गेलेल्या माणसाचा होता. हे संशोधन नव्हे, ही श्रद्धा. आपल्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. त्या भाकितावर माझा काडीचा विश्वास नाही. पण अठरा धान्यं कुठली आणि मांडायची कशी, हे तिथे ठरलेलं आहे आणि दरवर्षी तसंच मांडतात. ज्यांच्या पद्धतीला आपण हसतो त्यांना आपली कृती पाठ आहे, आणि विज्ञान करणाऱ्या आपल्याला आपली सांगता येत नाही. लाज वाटायला हवी.

पण सगळ्यात मोठा दोष वर बसलेल्यांचा. आपल्याकडे या क्षेत्राचा इतिहास काही छोटा नाही. १९९१ साली पुण्यात सीडॅकने परम ८००० उभा केला. त्याचे शिल्पकार विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले. २०१५ मध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला ४५०० कोटी मंजूर झाले. २०१९ मध्ये आयसर पुण्यात परम ब्रह्म आला. पाषाणच्या आयआयटीएममध्ये २०१८ साली सुमारे ४ पेटाफ्लॉपचा प्रत्युष आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा अर्क. अभिमान आहेच. पण गणित बघा: मशीन सहा वर्षांत बदललं, आणि हवामानाचे कोड वीस-तीस वर्षं जगतात. म्हणजे एकेक कोड चार-पाच मशीनं बघणार. उद्घाटनाच्या बातमीत पेटाफ्लॉप असतात, फीत असते. "या मशीनवरचं सॉफ्टवेअर किती वर्षं, कोण सांभाळणार" हे वाक्य मी अजून एकाही बातमीत वाचलेलं नाही. रॅकला पैसे मिळतात, माणसाला नाही. मग तो एकटा कंत्राटी अ‍ॅडमिन शुक्रवारी संध्याकाळी एका ओळीची मेल टाकणार नाही तर काय करणार? त्याच्यावर चिडून उपयोग नाही, हे मला हा लेख लिहिता लिहिता पटलं.

नुसतं ओरडून काय होणार? तर माझ्या मागण्या:

१. जुनं बंद करायच्या आधी सहा महिने नवं शेजारी उभं करा. बंदची तारीख लॉगिन करताच दिसू दे.

२. कुठलं मॉड्यूल कोण वापरतो याची नोंद ठेवा. एलमॉडमध्ये ती सोय करता येते. मग सरसकट मेल टाकण्याऐवजी त्या वीस जणांना फोन करता येतो.

३. बांधणीची कृती लिहून ठेवा. स्पॅक आणि ईझीबिल्ड याचसाठी आहेत. आणि जुनं वातावरण अ‍ॅपटेनरच्या डब्यात भरून ठेवा. डबा खालचं नवं, पॅच केलेलं कर्नलच वापरतो आणि साध्या युजरच्या हक्कांनी चालतो, त्यामुळे धोका बराच कमी. शून्य नाही. आणि डबा म्हणजे जादू नाही: सेंटओएस ६ चा डबा काही नव्या कर्नलवर उघडताच पडतो. म्हणून कृती हवीच, नुसता डबा पुरत नाही.

४. प्रत्येक गटाने आपले "शंभर दाणे" द्यावेत. म्हणजे पाच मिनिटांचा एक जॉब आणि त्याचं अपेक्षित उत्तर. अपग्रेडच्या आधी तो चालवायचा. उगवलं तर पेरायचं.

५. आणि हे करायला पगारी, कायम माणूस. टेंडरमध्येच.

बहिणीचं पुढे काय झालं? आम्ही दोघांनी दोन रविवार घालवून सेंटओएस ७ चा डबा बांधला. जुनी पॅकेजं संग्रहात अजून मिळतात. जुने आकडे हुबेहूब आले. मग जुनं आणि नवं समोरासमोर ठेवून एकेक पायरी ताडून पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी सापडलं: एका व्हेरिएबलला सुरुवातीची किंमतच दिलेली नव्हती. जुन्या बांधणीत तिथे योगायोगाने शून्य असायचं, नव्यात कचरा. आणि गंमत म्हणजे तिथे शून्यही बरोबर नव्हतं! म्हणजे जुने आकडे चूक, नवेही चूक. दुरुस्त केल्यावर एक आकृती बदलली, निष्कर्ष टिकला. तिने संपादकांना सगळं सरळ लिहून कळवलं. रडली थोडी, पण कळवलं.

जुनं जपायचं ते पूजेला नाही, ही चूक पकडायला. तो डबा नसता, तर ती मुकाट्याने नवे आकडे टाकून मोकळी झाली असती आणि कुणालाही कळलं नसतं.

असो. कंपनीत काम करणाऱ्यांनी फार हसू नये. तुमच्या ऑफिसच्या कोपऱ्यातही एक सर्व्हर आहे, ज्याला हात लावायला सगळे घाबरतात. सोमवारी गेलात की त्याची कृती कुठे लिहिलेली आहे का, एवढं फक्त विचारून बघा.

ता.क. मामा विचारतायत, "मंग तुह्या बहिनीचा पाऊस यंदा कसा हाय?" त्यांना सांगितलं, मॉडेल दुरुस्त झालंय, पण गोणपाट तयार ठेवा :)