पहिली गाडी आणि पुढचा ब्रेक

उसाचे बिल जमा झाले की आमच्या भागातल्या घराघरांत दोन बोलणी सुरू होतात. एक मुलीच्या लग्नाचे आणि दुसरे मुलाच्या मोटारसायकलचे. लग्नासाठी निदान चार वडीलधारी माणसे बसतात, चौकशी करतात, नात्यागोत्यात विचारून बघतात. मोटारसायकलचा निर्णय मात्र कॉलेजच्या कट्ट्यावर होतो आणि वडिलांकडे फक्त रक्कम मागायची उरते. माझे तसेच झाले, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. हा अधिकार फुकट मिळालेला नाही. त्याची किंमत पडली, आणि ती मी भरली नाही, माझ्या मित्राने भरली.

पोरांच्या हाती गाडी देऊच नये, असे म्हणणारा एक पक्ष आहे आणि आमचे काही गुरुजनही त्या पक्षात आहेत. त्यांचा मान राखून सांगतो की हा उपाय शहरात घर असलेल्या माणसाचा आहे. निपाणीकडच्या खेड्यातून बेळगावला शिकायला आलेल्या मुलाने शनिवारी प्रॅक्टिकल संपवून घरी जायचे म्हणजे आधी निपाणीची बस, मग निपाणीहून गावची बस, आणि ती चुकली की चार-पाच किलोमीटर पायपीट. निपाणीच्या देवचंद कॉलेजची गंमत तर सर्वांना ठाऊक आहे. नाव निपाणीशी जोडलेले, पण इमारत अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात. कर्नाटकातली मुले तिथे रोज राज्य ओलांडून वर्गात बसतात. सीमाप्रश्नावर काही पेटले की आधी थांबतात त्या बसगाड्या. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या एस.टी.ने कर्नाटकात येणाऱ्या फेऱ्या काही काळ थांबविल्या होत्या. अशा मुलखात गाडी ही चैन नव्हे. तेव्हा गाडी घ्यावी की नाही हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. कोणती घ्यावी आणि ती कशी शिकावी, एवढेच बोलतो.

आमची निवड कशी होते? कट्ट्यावर मराठी बोलणारे असतात, कानडी बोलणारे असतात, आणि पुष्कळ गोष्टींवर त्यांचे पटत नाही. ‘पिकअप’ या एका शब्दावर मात्र दोन्ही भाषांचे पूर्ण एकमत आहे. पिकअप कसा आहे, आवाज कसा आहे, मागची सीट किती उंच आहे, केए-२२ पासिंग घ्यावे की पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच-०९ स्वस्त पडेल, यावर तासन्‌तास खल चालतो. ही गाडी थांबते कशी, असे विचारणारा मित्र मला त्या दोन महिन्यांत एकही भेटला नाही. मीही विचारले नाही.

आप्पांच्या पिढीला निवड फारशी नव्हतीच. दुधाचे कॅन लटकविलेली राजदूत, म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी, मद्रासची बुलेट आणि पुण्याची लूना. येझदीची किक आणि गिअर यांची दांडी एकच. तीच फिरवून किक मारायची आणि तीच परत खाली घेऊन गिअर टाकायचा. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. या गाड्या वेग घ्यायला सावकाश, त्यामुळे शिकणाऱ्याला चूक सुधारायला थोडी तरी सवड मिळे. पुढे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० या दोन्ही गाड्या आल्या, आणि तेव्हापासून देशात दोन जाती झाल्या: अ‍ॅव्हरेज विचारणारे आणि पिकअप विचारणारे. आरएक्सचे वजन सुमारे शंभर किलो आणि ताकद अकरा अश्वशक्ती. तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तरी बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात तिची भक्ती काही थांबलेली नाही. भक्तांना एवढीच आठवण करून देतो की तिला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत.

आज स्प्लेंडरची ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास आहे आणि चाकणला तयार होणाऱ्या दोनशे सीसीच्या ड्यूकची पंचवीसच्या आसपास. या दोन्ही गाड्या आपल्याकडे एकाच लायसनवर चालतात. युरोपात २०१३ पासून पायऱ्या आहेत: आधी १२५ सीसीपर्यंत, मग ३५ किलोवॅटपर्यंत, आणि वय व अनुभव वाढल्यावर हवी ती गाडी. आपल्या कायद्याने मधल्या पायऱ्या ठेवलेल्या नाहीत. ज्याने काल आठचा आकडा पाय न टेकता काढला, तो आज कोणत्याही मोटारसायकलवर बसू शकतो. तेव्हा त्या पायऱ्या ज्याच्या त्याने आपल्यापुरत्या घालून घ्याव्या लागतात.

मी घातल्या नाहीत. दुसऱ्या वर्षाला असताना एकदम दोनशे सीसीची गाडी घेतली. शिकवायला काका होते. एका संध्याकाळी गावच्या शाळेच्या मैदानावर त्यांनी क्लच, गिअर सगळे दाखविले आणि शेवटी बजावले, “पुढच्या ब्रेकला हात लावायचा न्हाई बघ. पालथा पडशील. पाय वापर, पाय.” काकांना त्यांच्या चुलत्यांनी हेच सांगितले होते. मी ते वेदवाक्य मानले.

गाडी घेऊन तीन महिने झाले होते. नोव्हेंबर महिना, शनिवारची संध्याकाळ, मी आणि माझा मित्र डबलसीट गावाकडे निघालो होतो. संकेश्वर मागे पडले, कणगले यायचे होते. हंगाम सुरू झालेला, त्यामुळे रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. आपल्याकडचा उसाचा ट्रॅक्टर म्हणजे एका इंजिनामागे दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारे वाढे, आणि मागे दिवा असलाच तर तो वाढ्याच्या आड. समोरच्या बाजूच्या हेडलाइटनी डोळे दिपले होते. ती काळी भिंत दिसली तेव्हा माझा वेग सत्तर होता. शिकविल्याप्रमाणे मी जीव खाऊन पाय दाबला. मागचे चाक जाग्यावर गच्च झाले, गाडीची शेपटी आडवी आली आणि आम्ही दोघे डांबरावर घसरत गेलो. ट्रॉलीला धडकलो नाही. माझ्या डोक्यावर हेल्मेट होते, गुडघे आणि कोपर सोलपटले. मित्राच्या डोक्यावर काही नव्हते. त्याचे डोके वाचले ते नशिबाने, पण उजवा हात अंगाखाली सापडला. मागून येणाऱ्या दुसऱ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर उतरून धावत आला. मित्राला उचलताना तो एकसारखा “निधान, निधान” म्हणत होता. तो शब्द कानात अजून आहे.

मित्राच्या मनगटात प्लेट बसविली. तो सैन्यात भरती व्हायच्या तयारीत होता. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे आपल्याकडच्या मुलांना पहाटे धावण्याची सवय काय असते ते वेगळे सांगायला नको. हा तर चार वर्षे पाचला उठत होता. पळण्यात पास झाला, वैद्यकीय तपासणीत हातावर थांबला. पुढच्या वर्षी वयाची मर्यादा संपली. त्याने मला एक शब्द बोलून दाखविला नाही. त्याच्या आईनेही नाही.

आता यातली खरी बोचणारी गोष्ट सांगतो. माझ्या गाडीला एबीएस होते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचे झाले. पण ते केवळ पुढच्या चाकाला असले तरी कायद्याला चालते, आणि माझ्या गाडीला पुढच्याच चाकाला होते. म्हणजे चाक गच्च होऊ न देणारे यंत्र आप्पांनी पैसे मोजून घेऊन दिले होते, ते माझ्या उजव्या हाताच्या चार बोटांखाली होते, आणि मी त्याला हात लावला नाही. गाडीत दोष नव्हता.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे समजायला अपघात व्हायला नको होता. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाला रस्ता धरत नाही, मग ते जोरात दाबले की घसरते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका दिसून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद धरला तर १७ मीटर तिथेच गेले. त्यानंतर कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर साधारण २० मीटरांत गाडी थांबते. नुसत्या मागच्या ब्रेकवर त्याच्या दुप्पट लागतात. वेग ६० चा ८० केला तर ब्रेकचे अंतर पावणेदोन पट होते, कारण ते वेगाच्या वर्गावर चालते. हे सूत्र मी अकरावीत पाठ केले होते, त्यावर पाच मार्कांचे गणितही सोडविले होते.

काकांना तरी काय बोलावे? अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने लॉस एंजेलिसच्या भागातील नऊशे मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. त्याचा अहवाल १९८१ मध्ये निघाला. त्यात असे दिसले की अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच शिकलेले किंवा घरच्यांकडून-मित्रांकडून शिकलेले होते. निम्म्याहून अधिक जणांना ती विशिष्ट गाडी हाती येऊन पाच महिनेही झाले नव्हते. आणि ऐन वेळी त्यांनी केले काय, तर मागचा ब्रेक जास्त दाबला आणि पुढचा कमी. मी हे प्रथम वाचले तेव्हा वाटले, हा माणूस आमच्या शाळेच्या मैदानावर येऊन गेला होता की काय!

मग पहिली गाडी कोणती? माझे मत असे की ११० ते १२५ सीसीची, साधी, दोन्ही पाय जमिनीवर पुरते टेकतील आणि चिखलात आडवी झाली तर एकट्याला उचलता येईल अशी. २०१९ पासून या लहान गाड्यांना मागचा-पुढचा ब्रेक जोडणारी सीबीएस व्यवस्था आली आहे. पायाने दाबले तरी थोडा जोर पुढच्या चाकाला जातो. माझ्यासारख्या पायाळू चालकांसाठीच ती काढली आहे म्हणाना. जुनी गाडी घेणार असाल तर इंजिनाच्या आवाजाआधी टायर आणि ब्रेक बघा. मोठीच हवी असा हट्ट असेल तर दोन्ही चाकांना एबीएस असलेली घ्या आणि पहिले सहा महिने मागे कुणाला बसवू नका. पावसाळ्यात आंबोली किंवा चोर्ल्याच्या घाटात जाण्याची घाई तर अजिबात नको. पहिल्या पावसात उसाच्या आणि वीटभट्टीच्या ट्रॅक्टरांनी सांडलेली माती डांबरावर लोण्यासारखी होते, आणि वळणावर तिथे पुढचा ब्रेक जोरात धरणेही तितकेच घातक आहे. हे कळायला आधी सपाट, कोरड्या जागेवर हात बसावा लागतो.

पी.यू.तल्या मित्रांसाठी थोडेसे. अठरा पूर्ण होण्याआधी गाडी चालविताना सापडलात तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार वडिलांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, आणि तुम्हाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. एवढे पुरे.

हेल्मेटचा विषय निघाला की कट्ट्यावर जांभया येतात. तरी आकडे बघा. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची जवळजवळ ४५ टक्के. हेल्मेट नसलेली ५०,०२९, आणि त्यांतली चौदा हजारांहून अधिक मागे बसलेली होती. कर्नाटकात मागच्या माणसाला हेल्मेट जानेवारी २०१६ पासून सक्तीचे आहे. आपण मात्र एक हेल्मेट घेतो, ते आरशाला अडकवतो, आणि मागच्याला सांगतो, पोलीस दिसला तर खाली वाक. हमरस्त्याच्या कडेला ढीग लावून विकतात ते नकोच. जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकायलाच बंदी आहे. गाडीच्या किमतीत दोन चांगल्या हेल्मेटांचा खर्च धरूनच वडिलांना आकडा सांगावा. मी त्या वेळी दुसऱ्या हेल्मेटाचे पैसे सीटकव्हर आणि सायलेन्सरवर घातले होते.

माझा धाकटा भाऊ दिवाळीत अठरा पूर्ण झाला. त्यालाही दोनशे सीसीच हवी होती. दोन संध्याकाळी भांडण झाले, शेवटी १२५ वर तडजोड झाली आणि दोन हेल्मेटे आधी घरात आली. निपाणीत एका बंद तंबाखूच्या वखारीपुढे फरशीचे मोठे पटांगण आहे. मालकांची परवानगी घेऊन आम्ही रविवारी सकाळी तिथे जातो. आधी ताशी वीस, मग तीस, मग चाळीस. बोटे झटकन आवळायची नाहीत, लिंबू पिळल्यासारखी हळूहळू दाबत न्यायची, हँडल सरळ, नजर लांब. मित्रही येतो. बोलावले नव्हते, आपणच यायला लागला. तो डाव्या हाताने विटा मांडतो, तिथून ब्रेक सुरू करायचा, आणि गाडी थांबली की पावले मोजतो. पहिल्या रविवारी चाळीसच्या वेगाला भावाला एकोणीस पावले लागली होती. गेल्या रविवारी बारा झाली. मित्राने वीट एक पाऊल अलीकडे सरकवली आणि म्हणाला, “परत ये.”