टीव्ही घरी निवडा, दुकानातून फक्त उचला

उसाचं बिल खात्यावर पडलं, की करमाळ्याच्या बाजारपेठेत एक वाक्य हमखास कानावर येतं : “ओ तात्या, मोठाच न्या की! टीव्ही काय रोज रोज घेतो व्हय माणूस?” हे वाक्य इतकं बिनतोड वाटतं, की बत्तीस इंची घ्यायला आलेले तात्या पंचावन्न इंचांचं खोकं टेम्पोत टाकून जातात. माझा वाद या वाक्याशी आहे आणि त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांशीही : ‘फोर केच घ्या, पुढं कामाला येईल’, ‘स्मार्ट नसला तर काय उपयोग’, ‘जुन्यात जीव अडकवू नका’. माझं म्हणणं एवढंच, की टीव्ही ही दुकानात बघून निवडायची वस्तू नाही. ती आपल्या घरात, आपल्या बैठकीच्या खोलीत निवडायची.

समोरच्याची बाजू लंगडी नाही, हे आधी मान्य करतो. बत्तीस इंचांच्या वरच्या टीव्हीवर 28 टक्के जीएसटी होता आणि त्याखाली 18. म्हणून अनेक घरं बत्तीसवरच थांबत. 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हींना 18 टक्केच लागतो. शिवाय घरात म्हातारी माणसं असतात, त्यांना बातम्यांची पट्टी मोठी दिसली पाहिजे. तेव्हा लहानच घ्या असा माझा हट्ट नाही. प्रश्न असा आहे, की त्या मोठ्या काचेवर दिसणार काय?

करमाळा तालुक्यातल्या किती तरी घरांवर डीडी फ्री डिशची छत्री आहे. महिन्याचा खर्च शून्य. सह्याद्रीपासून सिनेमांपर्यंत सगळं फुकट. पण तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या एसडी आहेत, म्हणजे फार तर 720 गुणिले 576 ठिपक्यांचं चित्र. पैसे भरून घेतलेल्या डिशवरही एचडी वाहिनीचे दर वेगळे असतात, आणि ती बहुतेक वेळा पॅकमधून वगळलेली असते. जुन्या एकवीस इंची डब्यावर हे चित्र गोड दिसायचं, कारण पडदाच लहान होता. त्रेचाळीस इंचांवर तेच चित्र जवळजवळ चौपट क्षेत्रफळावर ताणलं जातं. मग घरी आल्यावर तात्या म्हणतात, “दुकानात झकास दिसत होतं, इथं धूसर का दिसतंय?” टीव्ही बिघडलेला नसतो. दुकानात पेन ड्राइव्हवरची फोर के चित्रफीत चालू होती : बर्फाचे डोंगर, फुलांवरचे थेंब, रंगीत पोपट. आपल्या घरी पोपट येत नाही. मालिका येते, तीही एसडीत.

आता ‘फोर के’चं बघू. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढं अंतर वेगळं ओळखू शकतो, हे नेत्रतज्ज्ञांचं जुनं माप आहे. त्यावरून हिशेब मांडला, तर त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके साधारण साडेपाच फुटांच्या पलीकडे एकमेकांत मिसळून जातात. फोर केचे जास्तीचे ठिपके सगळे टिपायचे, तर तीन फुटांच्या आत जाऊन बसावं लागेल. आपल्याकडं टीव्ही एका भिंतीला आणि दिवाण समोरच्या भिंतीला असतो. मध्ये आठ-नऊ फूट कुठं गेले नाहीत. एवढ्या अंतरावरून दोन्ही पडद्यांतला ठिपक्यांचा फरक डोळ्याला दिसतच नाही. एसडीचं दुबळेपण मात्र पंधरा फुटांपर्यंत जाणवतं. म्हणजे पैसे ओतायचे ते जास्तीच्या ठिपक्यांवर नव्हे, एचडी वाहिन्यांवर. आजकाल त्रेचाळीस इंचांत फोर केच जास्त मिळतो, म्हणून तो आला तर येऊ द्या. पण त्या एका शब्दासाठी वरचे पैसे मोजू नका.

“अहो, पण नेटवर फोर के असतं की!” असतं. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे अल्ट्रा एचडीला तासाला 7 जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघणाऱ्याचा रोजचा 2 जीबीचा कोटा सतरा-अठरा मिनिटांत संपेल. घरी फायबरची जोडणी असेल तर गोष्ट वेगळी. उजनीच्या पाणलोटावरच्या वस्तीवर राहणाऱ्यानं मात्र आधी नेटचा वेग तपासावा.

खोक्यावरचे आकडे हा आणखी एक सापळा. करमाळ्याला आकड्यांचं कौतुक नवं नाही. रावरंभा निंबाळकरांनी बांधलेल्या कमलाभवानीच्या देवळाचं वैभव आपण शहाण्णवच्या हिशेबातच सांगतो : शहाण्णव खांब, विहिरीच्या शहाण्णव पायऱ्या. पण ते खांब कुणीही जाऊन मोजू शकतो. टीव्हीच्या खोक्यावरचा आकडा कसा मोजणार? पडदा सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणारा असतो आणि खोक्यावर कसलासा ‘मोशन रेट’ म्हणून 120 किंवा 240 छापलेलं असतं. ‘एलईडी’ हा टीव्हीचा प्रकारही खरं तर एलसीडीच. फक्त मागचा उजेड एलईडीचा. ‘क्यूएलईडी’ म्हणजे त्यातच रंग खुलवणारा एक थर वाढवलेला. यांतलं काही खोटं नाही, पण त्यांतलं काहीच आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही.

ज्याकडं कुणी बघत नाही ती गोष्ट आवाजाची, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी. जुन्या डब्याला पोट होतं, आणि स्पीकरची तोंडं पुष्कळदा आपल्याकडं वळलेली असत. नव्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नाही. दोन मिळून वीस वॅटचे, खाली जमिनीकडं किंवा मागं भिंतीकडं तोंड करून बसवलेले. याच तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी ‘सैराट’ काढला. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल थेट लॉस एंजेलिसला गेले, सिंफनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केलं. आणि तेच संगीत आपण ऐकतो भिंतीला सांगितल्यासारखं! म्हातारी माणसं “काय बोलतायत ते कळत नाही” म्हणतात, तेव्हा आपण त्यांच्या कानाला दोष देतो. आवाज वाढवला की गाणी आणि जाहिराती दणाणतात, संवाद तसाच दबलेला राहतो. दहा इंच पडदा कमी घ्या आणि उरलेल्या पैशांत एक साधा साउंडबार घ्या. घरातलं अर्धं भांडण मिटेल. हे मी दुकानदाराच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही.

उजेडाचंही तसंच. आपल्या घराचं पुढचं दार दिवसभर उघडं, ऊन थेट खोलीत. दुकानात ट्यूबलाइटखाली झगमगणारा चकचकीत पडदा घरी आरशासारखा वागतो. नायकाच्या चेहऱ्यावर खिडकीचे गज दिसतात. आणि आपल्याकडं सगळे काही समोर बसत नाहीत. कुणी उंबऱ्यावर, कुणी भाजी निवडत स्वयंपाकघराच्या दारात. काही पॅनेलचे रंग बाजूनं बघितले की फिके पडतात, काहींचे पडत नाहीत. त्यासाठी तांत्रिक नावं पाठ करायची गरज नाही. दुकानात टीव्हीच्या बाजूला दोन पावलं सरकून उभं राहा, डोळे सांगतील.

‘स्मार्ट’बद्दल थोडक्यात सांगतो. पडदा आठ-दहा वर्षं टिकेल, पण त्यातला छोटा संगणक त्याआधीच म्हातारा होतो. ॲप अद्ययावत व्हायचं थांबतं, बटण दाबलं की विचार करत बसतं. ‘पुढं कामाला येईल’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंगची काडी नंतर कधीही बदलता येते, टीव्ही बदलता येत नाही. आणखी एक : अमेरिकेत व्हिझिओ कंपनीनं एक कोटीहून अधिक टीव्हींवर लोक काय बघतात याची नोंद त्यांना नीट न सांगता घेतली, म्हणून 2017 मध्ये तिला 22 लाख डॉलर भरावे लागले. टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना येणाऱ्या ‘मान्य आहे’च्या पानांवर घाईनं बोट टेकवू नका.

जुना टीव्ही खरंच गेला आहे का, हेही आधी बघायला हवं. एलईडी टीव्हीचा आवाज येतो पण पडदा काळा, असं झालं तर अंधारात पडद्यावर बॅटरीचा झोत टाका. चित्र पुसटसं दिसलं, तर बहुधा मागच्या उजेडाची पट्टी गेली आहे. तिच्यातले दिवे एकापुढं एक जोडलेले असतात. एक गेला की सगळी माळ विझते. गावातला मेकॅनिक ती बदलून देतो आणि नव्याच्या मानानं किरकोळ पैसे घेतो. पॅनेललाच तडा गेला असेल तर मात्र दुरुस्तीचा नाद सोडा. आणि काचेच्या नळीचा डबा अजून घरात असेल, तर ‘जुनं ते सोनं’ म्हणून तो कवटाळणाऱ्यांशीही मी सहमत नाही. त्याच्या काचेत शिसं असतं. तो फोडू नका, पोरांना खेळायला देऊ नका, दुकानात बदल्यात द्या.

‘हल्ली टीव्ही बघतं कोण, मोबाइल आहे की’ असं म्हणणारी पोरं घरोघरी आहेत. मोबाइल एकट्याचा असतो. आजीला, सुनेला आणि शाळेतून आलेल्या नातवंडाला एकत्र बसवणारी वस्तू घरात दुसरी कोणती उरली आहे?

ऑनलाइन की गावात, यावर मी गावाच्या बाजूनं आहे, पण भावनेपोटी नाही. औरंगाबादच्या धूतांचा व्हिडिओकॉन एकेकाळी महाराष्ट्राच्या घराघरांत होता. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नाव कितीही मोठं असो, शेवटी आपल्या दारात कोण येणार हेच महत्त्वाचं. डीपीवर वीज पडली, व्होल्टेज वरखाली झालं आणि टीव्ही बंद पडला, तर कंपनीचा माणूस करमाळ्याच्या पिनकोडवर येतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. पॅनेलची वॉरंटी किती, तेही बिलावर लिहून घ्या.

माझा निवाडा असा : आठ-नऊ फुटांच्या बैठकीला चाळीस ते त्रेचाळीस इंच पुरेसा, पंचावन्नचा वरचा खर्च आवाजात आणि एचडी पॅकमध्ये घाला. आज रात्रीच दिवाणापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहा. दुकानात गेल्यावर ती पोपटाची चित्रफीत बंद करायला सांगा आणि आपल्या घरी लागते तीच वाहिनी लावून मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर नमस्कार करून शेजारच्या दुकानात जा.