सतरंजीवर सांडले तर

भगिनींनो, लग्नसराई आटोपली की घरोघरच्या सतरंज्या आणि जाजमे अंगणात येतात. वरण, चहा, पानाची पिंक, पोरांचे दूध, काय काय सांडलेले असते! आणि नेमके त्याच दिवसांत पारनेर-पाथर्डीकडच्या गावांत टँकरची वाट बघणे चालू असते. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात, अख्खी सतरंजी उन्हाळ्यात धुवायला पाणी आणायचे कोठून? म्हणून सांडले त्याच घटकेला हात घाला. ओल्या डागाला तांब्याभर पाणी पुरते, वाळलेल्याला हंडे लागतात.

सांडलेले आधी टिपून घ्या. जुन्या लुगड्याच्या तुकड्याची घडी वर दाबून धरा. चोळू नका, चोळल्याने डाग धाग्यात खोल जातो. मग थोडे गार पाणी, पुन्हा टिपणे, आणि हात कडेकडून मध्ये आणायचा. दूध, अंडे, रक्त यांवर गरम पाणी मुळीच नको. अंडे उकळत्या पाण्यात घट्ट होते ना, तसेच ते धाग्यात घट्ट बसते. तेल-तूप सांडले तर मात्र पाण्याची घाई नको. ज्वारीचे पीठ जाड पसरा, रात्रभर राहू द्या, सकाळी झटकून मग साबण लावा.

हळदीची गंमत वेगळीच. साबण लावताच पिवळा डाग तांबडा होतो आणि नवी सून घाबरते. साबणातल्या खारामुळे हळद तांबडी होते. हळदीचे कुंकू करतात ते असेच. धुऊन कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही.

घोंगड्याची गोष्ट निराळी. सतरंजी सुती, ती धुण्याचा सोडा सोसते. घोंगडे मेंढीच्या लोकरीचे, आणि लोकर म्हणजे केसच. सोडा किंवा विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर लोकर खाऊन टाकते. गरम पाण्यात चोळले तर घोंगडे आटते, ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. रिठे भिजवून त्या पाण्यात हलके दाबून धुवा. पिळू नका, खाटेवर सपाट पसरून सावलीत वाळवा, ओले टांगले तर स्वतःच्याच वजनाने लांबते. नव्या घोंगड्यातून पहिल्या धुण्यात चिकट पाणी निघाले तर तो मळ समजू नका. ती विणकराने सुताला दिलेली चिंचोक्याची खळ असते.

आता जोखमीचे. फवारणीच्या औषधाची बाटली सतरंजीवर कलंडली तर तो डाग नव्हे, विष आहे. पोरांना बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा, चूल विझवा. रबरी हातमोजे घालून वर कोरडी माती टाका, ती शोषली की भरून विहीर, ओढा आणि गोठ्यापासून दूर खोल पुरा. सतरंजीही त्याच खड्ड्यात जाऊ द्या, मग ती माहेरची का असेना. धुतल्यावर वास जातो, पण औषध धाग्यात राहू शकते आणि तान्हे मूल त्यावरच रांगते. ती जनावराखाली घालू नका, मजुराला देऊ नका, जाळूही नका, तो धूर घातक असतो. मग हातपाय साबणाने धुवा, अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवा, आणि उरलेली बाटली घरात न ठेवता बाहेरच्या खोलीत कुलपात ठेवायला घरधन्याला सांगा.