अट घालणाऱ्याचे कर्तव्य

परक्या देशात वर्षानुवर्षे राहून, तेथे घाम गाळून आणि कर भरून जो मनुष्य अखेर त्या देशाचा नागरिक होऊ इच्छितो, त्याला तेथील भाषा अवगत असावी, ही अपेक्षा न्याय्य आहे याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पोर्तुगालचा कायदा हेच मागतो. वास्तव्याच्या आधारे नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्याला पोर्तुगीज भाषा ‘ए-२’ या पायरीपर्यंत येत असल्याचा दाखला जोडावा लागतो. वाचन-लेखन, श्रवण आणि संभाषण अशी त्यासाठी परीक्षा असते व तीत शेकडा ५५ गुण मिळविणारा उत्तीर्ण होतो. दुकानात, कचेरीत, डॉक्टरांपुढे आपले म्हणणे साध्या वाक्यांत मांडता यावे, एवढेच यात अभिप्रेत आहे.

अट वरकरणी सौम्य आहे. पण ती कोणाला जड जाते, हे पाहिले पाहिजे. दक्षिण पोर्तुगालमधील ओदेमिराच्या परिसरात प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली फळे तोडणाऱ्या मजुरांत भारत, नेपाळ आणि बांगलादेश येथून गेलेले पुष्कळ तरुण आहेत. दिवसभर आपल्याच देशबांधवांबरोबर राबणाऱ्या आणि रात्री त्यांच्याच बरोबर दाटीवाटीने राहणाऱ्या मजुराच्या कानी पोर्तुगीज पडणार तरी किती?

याच कायद्याची दुसरी बाजू आपल्या शेजारच्या गोव्यात दिसते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज अंमलात, गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनच्या दप्तरात पिढीमागून पिढी जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळविता येते. पोर्तुगीज नागरिकाचे अपत्य म्हणून नोंद होणाऱ्यास भाषेची परीक्षा नाही. म्हणजे ज्याने तो देश पाहिलाही नाही त्याला एक शब्द न बोलता प्रवेश, आणि जो तेथे राबतो त्याला परीक्षा! वंश आणि वास्तव्य ही दोन निराळी तत्त्वे आहेत व कोणत्याही राष्ट्राने दोन्ही मानावीत, यात गैर काही नाही. मात्र भाषा हीच देशनिष्ठेची कसोटी, असा दावा मग कोणी करू नये. भाषा हे व्यवहाराचे आणि सहजीवनाचे साधन आहे. आणि साधन मागणाऱ्याने ते पुरविण्याची तजवीजही केली पाहिजे. पोर्तुगालने २०२० साली स्थलांतरितांसाठी भाषावर्गांची नवी योजना आखली आणि त्या वर्गांत ‘ए-२’ पायरी पूर्ण केल्याचा दाखला नागरिकत्वासाठी ग्राह्य धरला, ही गोष्ट आम्हाला म्हणूनच अभिनंदनीय वाटते.

त्याच पोर्तुगालने १६८४ साली याच्या उलट मार्ग चोखाळला होता. गोव्याच्या व्हाइसरॉयने त्या वर्षी फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम केला. पुढे पावणेतीनशे वर्षे सत्ता हाती राहिली. परंतु घराघरांतली कोकणी हटली नाही, की मराठीही मावळली नाही. हुकमाने भाषा येत नसते, हे शिक्षकी पेशात काही वर्षे काढलेल्या आम्हाला निराळे सांगावयास नको.

आपला स्वतःचा कायदा या बाबतीत अधिक उदार आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार देशीयकरणाने भारतीय होऊ इच्छिणाऱ्याला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही एका भाषेचे पुरेसे ज्ञान असले म्हणजे पुरे. आज त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. शुक्रवार पेठेतून निघून पूर्व भागातल्या यंत्रमागांपर्यंत जाणाऱ्याच्या कानी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा पडतात, आणि चारही त्या यादीत आहेत. तेलंगणातून आलेल्या विणकरांची नातवंडे आज सफाईने मराठी बोलतात, ती बाजाराने आणि शेजाराने शिकविली म्हणून. याच सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये गेले आणि १९४२ साली तेथेच निवर्तले. एवढ्या अल्पावधीत ते चिनी शिकले, ते दाखल्यासाठी नव्हे, तर रुग्णाचे दुखणे त्याच्याच तोंडून कळावे म्हणून.

पण प्रत्येकाला शेजार लाभतोच असे नाही. महाराष्ट्रात आलेल्याला मराठी आली पाहिजे, हा आग्रह आपण धरतो आणि आम्हीही धरतो. परंतु परप्रांतातून कालच आलेल्या बांधकाम-मजुराने किंवा हॉटेलातल्या पोऱ्याने ती शिकावी कोठे, या प्रश्नाला त्या आग्रहाइतकेच ठाम उत्तर आपल्यापाशी आहे काय? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्याचा आपण उत्सव केला. त्या उत्सवाला शोभेल असे एक काम सोलापूर महानगरपालिकेने हाती घ्यावे. आपल्या शाळांतील एकेक खोली संध्याकाळी उघडावी, निवृत्त शिक्षकांना पाचारण करावे आणि नवागतांना सहा महिन्यांत व्यवहारापुरती मराठी विनामूल्य शिकवावी. खर्च खडूचा, दिव्याचा आणि अल्प मानधनाचा आहे. ओदेमिरातल्या आपल्या तरुणासाठी लिस्बनने भाषेचा वर्ग भरवावा, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच पोहोचेल.