तारीख कशाला, वात सारखी करा

धरणगावात कापूस वेचणी सुरू आहे आणि मोबाइलवर पुन्हा तोच संदेश: जगाचा शेवट अमुक तारखेला! मी ख्रिस्ती घरातली. प्रभू परत येणार, हे मानते. पण तारखांचा हा बाजार मला पटत नाही. अमेरिकेत मिलरपंथी ख्रिस्ती लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभूची वाट पाहिली, तिथल्याच धर्मोपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ ही तारीख सांगितली. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवलाच. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २४व्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो, तो दिवस पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. त्याच अध्यायातली माणसं शेतात आहेत, बाया जात्यावर, म्हणजे कामातच. आजी कंदिलाची काच राखेने पुसता पुसता म्हणायची, "भिऊन नाही बाई, जागं राहून वाट पाहायची." मी संदेश पुसला, ओटी बांधली नि वेचणीला निघाले.