मुलाचे गुण मोजा, शाळेचेही मोजा

दमा असलेल्या मुलाला आपला आजार सांभाळण्याचा आत्मविश्वास किती, हे मोजण्याच्या प्रश्नावल्या वैद्यकशास्त्रात आता रुळल्या आहेत. धाप लागण्याची चाहूल तू ओळखशील का, पंप नीट ओढशील का, असे प्रश्न मुलालाच विचारायचे आणि गुण मांडायचे. मुळाशी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेला सिद्धांत आहे. 'मला हे जमेल' असे ज्याला वाटते तोच ते करायला धजतो, हे त्याचे सार. मुलाला विचारले जाते, हे आम्हाला मोलाचे वाटते. आपल्याकडे डॉक्टर आईशी बोलतात. ज्याचा श्वास कोंडतो ते लेकरू बाकावर गप्प!

पण फलटणच्या वस्तीत ही प्रश्नावली नेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. याच जिल्ह्यात, साताऱ्याच्या शाळेत तहानलेल्या बाल भीमरावाला नळ कुठे आहे ते ठाऊक होते. तो फिरवताही आला असता. पण शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. त्या मुलाचा आत्मविश्वास मोजला असता तर गुण कोणाचे कमी भरले असते, मुलाचे की शाळेचे?

गळीत हंगामात फडात पाचट पेटते, ऊसतोड कामगारांच्या पालांत चुली धुमसतात. धुराने दमा उसळतो. मुलाला चाहूल लागते, पण पंप असतो शाळेच्या कपाटात, नाहीतर घरी. पंपाची सवय लागते हा खुळा समज अजून गेलेला नाही. मुलीचा पंप तर लग्न जमणार नाही या भीतीने लपवला जातो. जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, दम्याच्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक. हा फरक लेकरांच्या भित्रेपणामुळे पडलेला नाही.

संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. सरकारी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सांगितले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत श्वासनलिकेचा हा विकार आहेच. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी ठरलेली आहे. आमची मागणी एवढीच, की पथकाने मुलाला हे प्रश्न जरूर विचारावेत आणि त्याच कागदाच्या पाठीमागे शाळेची व आरोग्य केंद्राची उत्तरे लिहावीत. पंप दप्तरात ठेवू देता का? धाप लागली तर काय करायचे, हे वर्गशिक्षकांना शिकवले आहे का? केंद्रात आज पंप शिल्लक आहे का? पथक पुढच्या वेळी येईल तेव्हा पालकांनी तो कागद उलटून पाहावा.